ताप उतरला, तरी रक्त तपासा

गेल्या उन्हाळ्यात आमची दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस अचानक निम्म्या दुधावर आली. वैरण हुंगायची आणि तोंड फिरवायची. तापाचं इंजेक्शन दिलं की दिवसभर बरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा अंग भाजायचं. थर्मामीटर १०५ च्या वर. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं अपचन. गोचीड ताप संकरित गाईंना होतो, म्हशीला नाही, असंही ठामपणे सांगणारे भेटले.

डॉक्टरांनी आल्याबरोबर तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतला भाग पांढराफटक! खांद्यापुढे हात फिरवला, तर तिथली गाठ लिंबाएवढी सुजलेली. कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेऊन तपासलं, तेव्हा थायलेरिया निघाला.

गोचिडाच्या चाव्यातून शिरणारा हा परजीवी आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, म्हणून गाठी सुजतात. मग तो तांबड्या पेशींत जातो, त्या नष्ट होतात आणि जनावराला धाप लागते. नुसत्या तापाच्या औषधाने तो मरत नाही. त्यावर बुपारव्हाक्वोन लागतं, तेही वजन पाहून डॉक्टरांनीच द्यायचं. आमची म्हैस वाचली, पण त्या वेतात दूध पहिल्यासारखं आलंच नाही.

ताप असताना लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर बबेसिया हा दुसरा गोचीडजन्य परजीवी असू शकतो. ताज्या व्यालेल्या म्हशीला मात्र ताप नसताना अशी लघवी होत असेल, तर बहुधा फॉस्फरस कमी पडलेला असतो. दोन्हींचे उपचार वेगळे. म्हणून डॉक्टरांना फोन करण्याआधी ताप मोजून ठेवा.

म्हशीच्या काळ्या कातडीवर गोचीड डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो. रोज धार काढताना कानामागे, शेपटीखाली आणि कासेच्या बाजूला चाचपा. काढलेले गोचीड गोठ्यात टाकू नका, रॉकेलमध्ये बुडवा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. शिवाय बरी झालेली म्हैसही परजीवी रक्तात बाळगून असते, आणि तिच्या अंगावरचे गोचीड तो शेजारच्या गाईपर्यंत नेतात. त्यामुळे फक्त जनावर फवारून भागत नाही. भेगा सिमेंटने बुजवा, भिंतींना चुना द्या, आणि म्हैस फवाराल त्याच दिवशी गोठाही फवारा. पुढची फवारणी कधी, ते डॉक्टरांना विचारून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.