नस दबली, आता ऑपरेशनच का?

प्रश्न : वय 42. रावेर तालुक्यात केळीचे घड वाहण्याचे काम करतो. महिनाभरापासून मानेतून उजव्या हातात कळ जाते, अंगठ्याला मुंग्या येतात. ऑपरेशन करावे लागेल का? – एक वाचक

उत्तर : बहुधा नाही. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती सरकली किंवा तिथे हाड वाढले, की सहावी नस दबते. तिचा मुलूख म्हणजे अंगठा आणि तर्जनी. दुखते हातात, मूळ मानेत! तळहात डोक्यावर ठेवल्यावर कळ कमी होत असेल, तर या शंकेला बळ मिळते.

बहुतेकांचे दुखणे 6 ते 12 आठवड्यांत ओसरते. तोवर घड खांद्यावर घेऊ नका. मजुरीवर पोट असताना हे अवघड आहे, जाणतो. मुकादमाकडे हलके काम मागून पाहा. मात्र अंथरूण धरू नका. मानेचा पट्टा फार दिवस बांधलात तर स्नायू दुबळे होतात. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. मान कडाकडा मोडून देणाऱ्यांच्या वाटेलाही जाऊ नका, मग त्यांचे नाव पंचक्रोशीत कितीही असो.

महिना झालाच आहे, तेव्हा डॉक्टरांकडून हाताची ताकद तपासून घ्या. ती शाबूत असेल तर एमआरआयची घाई नको. पण पकड सुटू लागली, शर्टाची बटणे लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा.