धंदेवाईक खेळाडूचे जीवन : बास्केटबॉलवरून एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. वेळ : दोन तासिका; एक वर्गात, एक मैदानावर.)

कोडोलीच्या एखाद्या वर्गात "मोठेपणी तू कोण होणार?" असा प्रश्न विचारला, तर पूर्वी शेतकरी, शिपाई, मास्तर, पैलवान अशी उत्तरे येत. अलीकडे त्यांत "खेळाडू" हे उत्तर वरचेवर ऐकू येते. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? हसून सोडून दिले, तर मुलाचा हिरमोड होतो. नुसती शाबासकी दिली, तर वाटेची काहीही माहिती न देता त्याला लांबच्या प्रवासास लावल्यासारखे होते. यांहून निराळा मार्ग म्हणजे ती वाट जशी आहे तशी मुलास दाखविणे. प्रस्तुत पाठ त्याच हेतूने योजिला आहे.

कुस्तीच्या गोष्टी आपल्या भागातील मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात; त्यांत नवलाई उरलेली नसते. बास्केटबॉल हा त्या मानाने अपरिचित खेळ आहे. शिवाय खेळ हाच उपजीविकेचा धंदा कसा होतो, हे या खेळात फार स्पष्टपणे पाहावयास मिळते. म्हणून तो येथे निवडला आहे.

पाठाचा हेतू

(१) हौशी व धंदेवाईक खेळाडू यांतील भेद समजणे. (२) खेळाडूच्या कारकीर्दीचे टप्पे व तिची मर्यादा ध्यानी येणे. (३) खेळ आणि शिक्षण ही परस्परांची वैरी नसून सोबती आहेत, हे उमगणे.

प्रस्तावना

शिक्षकाने वर्गात एक बुट्टी न्यावी आणि विचारावे, "हिचा उपयोग कशाकशाला होतो?" शेण, माती, भाजी, कोंबडी झाकणे अशी उत्तरे येतील. मग सांगावे की, जगातील एक मोठा खेळ अशाच बुट्टीतून जन्मास आला.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी एका शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. हिवाळ्यात बाहेर बर्फ, त्यामुळे विद्यार्थी घरात कोंडलेले आणि कवायतीला कंटाळलेले. आत खेळता येईल असा खेळ दोन आठवड्यांत शोधा, असे वरिष्ठांनी त्यांस सांगितले. नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन बुट्ट्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि डिसेंबर १८९१ मध्ये अठरा विद्यार्थ्यांचे दोन गट करून खेळ सुरू केला. बुट्टीला बूड असल्यामुळे चेंडू पडला की तो कोणीतरी वर चढून काढावा लागे. पहिल्या सामन्यात एकदाच चेंडू बुट्टीत गेला! पुढल्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींत सुरू केला. हा खेळ एका शिक्षकाने, वर्गाची अडचण सोडविण्यासाठी, हाताशी असलेल्या वस्तूंतून निर्माण केला, ही गोष्ट आपण शिक्षकांनीही मनात ठेवण्याजोगी आहे.

विवेचन १ : हौशी आणि धंदेवाईक

जो आनंदासाठी किंवा मानासाठी खेळतो व पोटासाठी दुसरे काम करतो, तो हौशी खेळाडू. ज्याला खेळण्याबद्दल करार करून वेतन मिळते, तो धंदेवाईक खेळाडू. "धंदेवाईक" या शब्दात कमीपणा नाही, हे मुलांस मुद्दाम सांगावे.

आपल्या देशात बास्केटबॉलपटूचा संसार बहुधा नोकरीवर चालत आला आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या व आपापले संघ उभारले. मुंबईच्या नागपाडा वस्तीतून पुढे आलेले अब्बास मुंतसिर हे याचे ठळक उदाहरण होय. ते रेल्वेच्या संघातून खेळले, भारताच्या संघाचे कर्णधार झाले आणि १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. खेळाने त्यांस कीर्ती दिली. पगार मात्र रेल्वेचा होता.

अमेरिकेत व्यवस्था निराळी आहे. तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या संघटनेत तीस संघ आहेत. प्रत्येक संघात नेहमीच्या करारावरचे जास्तीत जास्त पंधरा खेळाडू असतात. मुलांनी गुणाकार करावा : ३० × १५ = ४५०. जगभरातील लाखो मुले ज्या जागांकडे डोळे लावून बसतात, त्या जागा इतक्याच! नव्या खेळाडूंसाठी दरवर्षी एक जाहीर निवड होते. संघ पाळीपाळीने एकेक नाव घेतात.

विवेचन २ : एका खेडेगावच्या मुलाची कथा

या जाहीर निवडीत २०१५ साली एका भारतीय मुलाचे नाव पुकारले गेले. असे पूर्वी कधीही घडले नव्हते. त्या मुलाचे नाव सतनाम सिंग. पंजाबातील बर्नालाच्या बाजूस बल्लो के नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील शेतकरी कुटुंबात १९९५ साली त्याचा जन्म झाला. वडील सात फुटांहून उंच. मुलगाही तसाच वाढला. दहाव्या वर्षाच्या सुमारास तो लुधियानाच्या बास्केटबॉल प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. पुढे २०१० साली शिष्यवृत्ती मिळवून तो अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील एका क्रीडाशाळेत गेला. तेव्हा त्याचे वय होते चौदा. इंग्रजी येत नव्हते. आईवडील हजारो कोसांवर. अंगाची उंची तेथे कामास आली, पण वर्गात समजेल अशी भाषा त्याला नव्याने शिकावी लागली.

२५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स या संघाने ५२ व्या क्रमांकावर त्याची निवड केली. येथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते. आपण मात्र ती पुढेही सांगावयाची आहे, कारण पाठाचे सार तेथेच आहे.

निवड झाली म्हणजे मुख्य संघात जागा मिळालीच, असे नव्हे. सतनामला मुख्य संघाच्या वतीने हंगामातील एकही सामना खेळावयास मिळाला नाही. तो टेक्सस लेजेंड्स या दुय्यम श्रेणीच्या संघात दोन हंगाम राहिला व तेथेही त्याच्या वाट्यास थोडाच खेळ आला. पुढे तो कॅनडातील एका संघाकडून खेळला. २०१९ साली उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत तो दोषी आढळला आणि २०२० च्या अखेरीस त्याच्यावर दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. बंदीचा काळ निलंबनापासून, म्हणजे नोव्हेंबर २०१९ पासून मोजला गेला. तेव्हा त्याचे वय पंचविसाच्या आसपास होते. खेळाडूच्या भर उमेदीची वर्षे. त्यानंतर २०२१ साली त्याने अमेरिकेतील करमणुकीच्या कुस्तीच्या एका कंपनीशी करार केला व नवा धंदा पत्करला.

ही कथा अपयशाची म्हणून सांगू नये. खेड्यातून निघालेल्या एका मुलाने जेथवर मजल मारली, तेथवर त्यापूर्वी एकही भारतीय पोचला नव्हता. परंतु ती केवळ विजयाची म्हणूनही सांगू नये. शिखराच्या पायथ्याशी पोचणे आणि शिखरावर बसणे यांत अंतर असते, आणि वाटेत घसरण्याच्या जागाही असतात.

विवेचन ३ : मुलांस काय सांगावे

पहिली गोष्ट, खेळाडूचे आयुष्य म्हणजे खेळाची वर्षे नव्हेत. फळ्यावर हे गणित घालावे : एक खेळाडू विसाव्या वर्षी धंद्यात शिरला व पस्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला, तर तो किती वर्षे खेळला? त्याच्याच वर्गातील मित्र नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, तर मधली किती वर्षे खेळाडूला दुसऱ्या कामावर काढावी लागतील? पहिले उत्तर पंधरा, दुसरे तेवीस. या तेवीस वर्षांचे काय, हा प्रश्न मुलांपुढे तसाच ठेवावा. उत्तराची घाई करू नये.

दुसरी गोष्ट, भाषा व हिशेब. करार वाचता येणे, वेतनाचा हिशेब ठेवणे, परक्या मुलुखात आपले म्हणणे मांडणे ही कामे खेळाडूस कोणी दुसऱ्याने करून देत नाही; दिली तर त्यात फसगतीचा संभव असतो.

तिसरी गोष्ट, शरीरात काय जाते याची जबाबदारी. "ताकदीच्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांत व औषधांत निषिद्ध द्रव्य असू शकते. मला ठाऊक नव्हते, एवढे म्हटल्याने खेळाडू सुटत नाही. आपल्याकडे तालमीत जाणारी मुले अनेक आहेत. त्यांना हे आताच कळलेले बरे.

मैदानावरील तासिका

पूर्ण मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद लागते. ते नसले तरी अडू नये. मोठ्यांसाठी कडे ३.०५ मीटर उंचीवर असते, लहान मुलांसाठी २.६० मीटर, म्हणजे सुमारे साडेआठ फूट पुरते. जुन्या बुट्टीचे बूड काढून ती त्या उंचीवर खांबाला पक्की बांधावी. पाच-पाचांचे गट करावेत, मुलींस बरोबरीने खेळवावे. चेंडू हाती घेऊन धावावयाचे नाही व अंगावर जावयाचे नाही, हे दोन नियम प्रथम पुरेत.

स्वाध्याय

(१) हौशी व धंदेवाईक खेळाडू यांतील फरक पाच वाक्यांत लिहा. (२) बल्लो के ते डॅलस हा प्रवास नकाशावर दाखवा. (३) गावातील एखाद्या वयस्क पैलवानास भेटून, कुस्ती सुटल्यावर त्यांनी उपजीविका कशी केली, ते विचारून लिहा.

समारोप

तिसऱ्या स्वाध्यायाची चर्चा करताना खाशाबा जाधव यांचे स्मरण अवश्य करावे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले, आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते झाले. पदकाने पोट भरत नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. परंतु हेलसिंकीला जाण्याइतके पैसे आले कोठून? गावोगावची वर्गणी होतीच. शिवाय राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

घर गहाण टाकण्याची अपेक्षा कोणाही शिक्षकाकडून करता येणार नाही. परंतु जो मुलगा किंवा मुलगी "मी खेळाडू होणार" असे म्हणते, तिला वाटेची खरी माहिती देणे, संध्याकाळी अर्धा तास मैदानावर थांबणे आणि तिचे वाचन-गणित मागे पडू न देणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.