हिशेबाची सूत्रे वेळेवर सापडतील अशी ठेवा

व्यापारी बंधूंनो, दुकानात संगणक आला, पण हिशेबाची सूत्रे अजून दहा शीटमध्ये विखुरलेली आहेत. प्रोग्राम लिहिणारी मुले कामाचे तयार तुकडे एका जागी जमवून ठेवतात. त्यांना स्निपेट म्हणतात. आपणही तसेच करावे.

माझाच अनुभव सांगतो. ५,००० मीटर कापडाचा भाव काढताना मी जुन्या शीटमधील बाण्याचे सूत्र उचलले. सूत होते २० काउंटचे, पण सूत्राच्या आतच ३० हा आकडा लिहिलेला होता. १०० मीटरला ७.६८ किलो बाणा हवा, तेथे ५.१२ किलोच दिसला. सर्व मालावर सुमारे १२८ किलो सूत कमी धरले गेले. शब्द दिला होता, तो फिरवता येत नव्हता. तोटा मीच सोसला.

सूत्र चुकीचे नव्हते, ठेवण्याची रीत चुकीची होती. योग्य रीत अशी:

१) एकच फाईल ठेवा. प्रत्येक सूत्राला कामाचे नाव द्या. उदा. 'बाणा वजन, कॉटन'.

२) सूत्र शब्दांतही लिहा: पिके × रीडमधील पन्हा (इंच) × मीटर ÷ (१६९३.४ × काउंट) = किलो. वेस्टेज वेगळे धरा. १ काउंट म्हणजे पौंडात ८४० यार्ड. त्याचेच मीटर-किलोत १६९३.४ होतात.

३) बदलणारा आकडा सूत्रात कोंबू नका, त्याला स्वतंत्र चौकट द्या.

४) शेजारी तपासलेले उदाहरण लिहा: ५२ पिके, ५० इंच, १०० मीटर, ३० काउंट, उत्तर ५.१२ किलो. वापरण्यापूर्वी हे उत्तर येते का पाहा.

५) पॉलिस्टरची नोंद वेगळी करा: सुताचे मीटर × डेनियर ÷ ९०,००,०००. काउंट वाढला की सूत बारीक होते, डेनियर वाढला की जाड.

६) शोधण्याचे शब्द लिहा. मी 'बाना' शोधतो, मुलगा 'वेफ्ट' शोधतो. दोन्ही शब्द नोंदीत असले तर दोघांनाही सापडते.

७) मूळ नोंदीला हात न लावता तिची नक्कल वापरा. फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी ठेवा.

आज फक्त पाच सूत्रांपासून सुरुवात करा. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना शोधाशोध करणे महाग पडते.