ऊन फुकट, बाकी सगळं विकत

प्रवाळ पाळणाऱ्याचं कंबरडं मोडतं ते विजेच्या बिलानं. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या टाक्यांवर 400 वॉटचे मेटल हॅलाइड दिवे टांगलेले असत. ते पाणी उजळत तसं तापवतही, आणि तापलेलं पाणी गार करायला पुन्हा चिलर लागे. मग परसातल्या हरितगृहात टाक्या मांडाव्यात आणि सूर्याच्या भरवशावर प्रवाळ वाढवावेत, ही कल्पना कुणालाही पटण्यासारखीच होती. मिशिगनमध्ये रोम्युलस इथे डिक पेरिन यांच्या ‘ट्रॉपिकोरियम’नं ती करून दाखवली. पेनसिल्व्हेनियात अँथनी कॅल्फो यांनी हरितगृहात प्रवाळांचे तुकडे वाढवले आणि 2001 मध्ये या विद्येवर पुस्तक काढलं. दोन्ही राज्यं बर्फाची, तरीही काम झालं. म्हणून ते सोपं आहे असा समज मात्र कुणी करून घेऊ नये.

हरितगृहातल्या प्रवाळाचा सगळ्यात महागडा धडा ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर 2’ मध्ये मिळाला. 26 सप्टेंबर 1991 रोजी आठ माणसं त्या बंदिस्त काचघरात दोन वर्षांसाठी शिरली. आत शेत होतं, जंगल होतं आणि सुमारे 26 लाख लिटरचा समुद्रही होता. त्यातले प्रवाळ मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरून आणलेले. काच आणि लोखंडी सांगाड्यानं बाहेरच्या उजेडातला साधारण निम्मा गिळला. त्यापेक्षा मोठी अडचण हवेची. मातीतल्या जिवाणूंच्या श्वसनानं कार्बन डायऑक्साइड वाढत गेला, तो पाण्यात मुरला, पाण्याचा पीएच उतरू लागला. शेवटी समुद्रात सोडियम बायकार्बोनेट आणि कार्बोनेट ओतावं लागलं. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या ताब्यात आल्यावर याच समुद्रात ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पाण्यातलं कार्बोनेट घटलं की प्रवाळाची हाडं बांधण्याची गती घटते. तो शोधनिबंध 2000 सालचा. महासागरांच्या आम्लीकरणाच्या अभ्यासात तो आजही वाचला जातो.

परसातल्या छोट्या हरितगृहात हीच गोष्ट डिसेंबरात घडते. ऊब टिकावी म्हणून मालक फटी बुजवतो, प्लास्टिकचा दुहेरी पडदा लावतो आणि गॅसचा हीटर पेटवतो. ज्वलनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड कोंडून राहतो. टाकी स्वच्छ, दिवसा ऊन चांगलं, तरी प्रवाळ वाढत नाहीत. खाद्य बदल, मीठ बदल, असे उपाय सुरू होतात. पहिला उपाय साधा आहे. धुरांडं बाहेर काढलेलाच हीटर घ्यावा, आणि पीएच पहाटे व दुपारी असा दोनदा मोजावा. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं, श्वसन चालूच असतं, त्यामुळे पहाटेचा आकडाच खरी परिस्थिती सांगतो. रात्री वीज गेली तर काय, याचं उत्तर जनरेटरच्या रूपात आधी तयार हवं. पंप थांबला की गारठ्याआधी प्राणवायूची कमतरता जीव घेते.

उन्हाळ्याचं दुखणं उलटं. प्रवाळांना 25-26 अंश सेल्सिअस मानवतं. नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद-दोन अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं, की पेशींमधलं शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरे पडतात. हरितगृहात पारा दुपारपर्यंतही तिथे पोहोचू शकतो. ओले पॅड आणि पंखा असलेली कूलर-पद्धत ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत उत्तम चालते, दमट फ्लोरिडात जवळपास निकामी ठरते. जमिनीत पुरलेली मोठी टाकी जोडणं बरं, कारण माती तापमानाचे चढउतार मंद करते. सावलीची जाळी तर हवीच, आणि ती काढ-घाल करता येईल अशी हवी. आठवडाभर ढग राहून एकदम लख्ख ऊन पडलं, तर सावलीत वाढलेलं लिंबाचं रोप उघड्यावर ठेवल्यासारखी प्रवाळांची गत होते.

गार करणं म्हणजे बाष्पीभवन, आणि बाष्पीभवनात फक्त गोडं पाणी जातं, मीठ मागे राहतं. तेव्हा भर गोड्या, शुद्ध पाण्याचीच घालायची. इथे अनेकजण हुशारी करतात आणि भरीच्या पाण्यात चुन्याची निवळी मिसळतात. युक्ती जुनी आणि चांगली आहे, स्विस जलजीवपालक पीटर विल्केन्स यांनी ती रूढ केली. कॅल्शियमही मिळतं, अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता). पण निवळीचा पीएच 12 च्या वर असतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पाणी झपाट्यानं उडालं, की फ्लोट व्हॉल्व्ह तेवढीच निवळी झपाट्यानं आत सोडतो आणि टाकीत दुधाळ ढग उठतो. निवळी रात्री थेंबथेंब द्यावी, उरलेली भर साध्या पाण्याची असावी. अल्कलिनिटी 7 ते 9 डीकेएचच्या आसपास कुठेही चालते, मात्र तीच रोज वरखाली होणं चालत नाही. उन्हाच्या आठवड्यात प्रवाळ ती भराभर खातात, ढगाळ आठवड्यात तसं नाही, म्हणून मात्रा ठरवण्याआधी मोजणी.

छताकडेही पाहावं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपावर दव साचून ते टाकीत ठिबकतं. तांबं-पितळेची जोडणीही अपृष्ठवंशीयांना घातक. शेजारच्या कुंड्यांवर पायरेथ्रॉइड फवारलं असेल तर विचारायलाच नको.

सगळ्या टाक्या एकाच पाण्यावर जोडणं स्वस्त पडतं, आणि तिथेच घात होतो. ॲक्रोपोरा जातीचे प्रवाळ खाणाऱ्या चपट्या कृमी औषधी बुडवणीत गळून पडतात, पण त्यांच्या अंड्यांना काही होत नाही. नवा तुकडा वेगळ्या, न जोडलेल्या टाकीत काही आठवडे ठेवून पुनःपुन्हा तपासावा. जागा नाही ही सबब ऐकून घेण्यासारखी नाही.

आणखी एक धोका पाळणाऱ्याच्याच जिवाचा आहे. प्रवाळांच्या नात्यातल्या काही झोअँथिड जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. हवाईत सापडलेल्या या विषाचं वर्णन 1971 मध्ये प्रसिद्ध झालं. मार्च 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या स्टिव्हेंटन गावी टाकी साफ करताना प्रवाळ घासले गेले, आणि घरच्यांबरोबर मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. झोअँथिड असलेला दगड कधी उकळू नये, गरम पाण्यानं धुऊ नये, कोरडा घासू नये. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी, हे नियम कोंदट हरितगृहात दुप्पट लागू.

हे सगळं तिथलं, जिथे असं पाळणं कायदेशीर आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरात ते करता येईल. पुण्यात किंवा पणजीत नाही. 2001 पासून कठीण प्रवाळ भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या किनाऱ्यावरचा तुटका तुकडा घरी आणणंही गुन्हा. 2020 मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या वाटेत आलेले प्रवाळ हलवायला महापालिकेलाही आधी परवानगी मिळवावी लागली, आणि ते काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे सोपवलं गेलं. परदेशातून परतताना सामानात एखादा तुकडा घालून आणायचा बेत असेल, तर त्याच्यावर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंधही आहेत.