शून्य सात नेहमी शेवटी

वखारीत माझ्या काकांचं खातं ११ नंबरचं आहे. एवढ्यावरून माझ्यावर वशिलेबाजीचा आळ आला. ज्यांनी तो घेतला त्यांच्यापैकी एकानेही नंतर "चुकलं बाबा" म्हटलेलं नाही. म्हणून हे लिहितोय. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींना यातून काही मिळालं तर चांगलंच, पण आधी माझी बाजू ऐका.

बोर्डी-घोलवडला चिकूची वखार कशी चालते हे इथल्यांना सांगायला नको. माल येतो, काटा होतो, प्रतवारी होते, दिल्लीची गाडी भरते. गाडीत जागा मोजकी. जो आधी आला त्याचे क्रेट आधी चढतात, उरला तो उद्यावर. आणि चिकू उद्याची वाट बघत बसत नाही. मऊ पडतो आणि भाव उतरतो. त्यामुळे भरणीच्या यादीत कोण वर आणि कोण खाली यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. मेहताजी वहीत लिहायचे तोवर त्या यादीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मग सेठना कॉम्प्युटरची हौस आली, मुंबईच्या एका प्रोग्रामरकडून ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम करून घेतला, आणि बटणं दाबायला मला बसवलं.

माल आला की मी खाते नंबर आणि क्रेट टाकायचे. प्रोग्राम ती जोडी जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवायचा, म्हणजे नंबर ही 'की' आणि क्रेट ही व्हॅल्यू. संध्याकाळी फॉर-इन लूप त्या सगळ्या जोड्यांवरून फिरायचा आणि यादी छापून यायची. पहिल्याच हंगामात कुजबुज सुरू झाली. काका दुपारी आले तरी यादीत पहिले. ०७ नंबरचे म्हातारबाबा दिवस उगवायला माल घेऊन दारात, आणि यादीत सगळ्यांच्या खाली. त्यांचा माल मागे राहिला, परत राहिला. तिसऱ्यांदा राहिला तेव्हा ते काट्यापाशी उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीनला काय कळतंय माझं नाव? मशीनवर बसलेल्याला कळतंय." सेठ काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले, ते मला जास्त लागलं.

प्रोग्रामरला फोन केला. "आमच्याकडे बरोबर दिसतंय. तुमची एन्ट्री चुकत असेल." पुन्हा केला, तेच उत्तर. तिसऱ्यांदा त्याने थेट सेठना सांगितलं की ऑपरेटरला ट्रेनिंगची गरज आहे. मी बीएस्सी आयटी केलेला माणूस. ट्रेनिंग म्हणे.

त्या रात्री घरी ब्राउझरचा कन्सोल उघडला. एक रिकामा ऑब्जेक्ट घेतला आणि त्यात दिवसभराच्या क्रमाने चार नंबर टाकले: आधी ०७, मग २३, मग १४, शेवटी ११. लूप फिरवला. बाहेर आलं ११, १४, २३, ०७. काका पहिले, म्हातारबाबा शेवटी. वखारीत जे रोज होत होतं ते माझ्या घरच्या पडद्यावर, कुणाचाही वशिला नसताना. मग नंबरांच्या जागी चार नावं टाकली, तर क्रम जसाच्या तसा राहिला. प्रोग्रामरने चाचणी नावं टाकून घेतली होती. त्याच्याकडे बरोबर दिसणारच!

जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये जी की शुद्ध पूर्णांकासारखी दिसते ती चढत्या क्रमाने आधी येते. बाकीच्या, म्हणजे अक्षरांच्या कीज, त्यामागून ज्या क्रमाने टाकल्या त्या क्रमाने येतात. '११' हा पूर्णांक धरला जातो. '०७' धरला जात नाही, कारण आकडा म्हणून लिहिला तर तो नुसता ७ झाला असता. पुढच्या शून्यामुळे तो अक्षरांच्या रांगेत ढकलला जातो. आणि आमच्या वखारीत पहिली नऊ खाती, म्हणजे सगळ्यांत जुनी माणसं, मेहताजींनी ०१ ते ०९ अशीच लिहिलेली. जुन्यांना शेवटी बसवणारा प्रोग्राम! गंमत अशी की कळफलकावर इंग्रजी आकडे न टाकता मी हेच नंबर देवनागरीत टाकले असते, तर क्रम मुळीच बिघडला नसता, कारण देवनागरी ११ ला जावास्क्रिप्ट अक्षरंच समजते.

ही काही लपलेली गोष्ट नाही. २०१५ च्या ईसीएमएस्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत नियमावलीत, ऑब्जेक्टच्या कींचा हा क्रम लिहून ठेवला आहे, २०२० मध्ये फॉर-इनलाही तो लागू झाला. पैसे घेऊन काम करणाऱ्याने हे वाचलेलं असायला हवं. मी पडद्याचे फोटो पाठवले तेव्हा उत्तर आलं: "हे जावास्क्रिप्टचं आहे, आमचं नाही."

मग त्याने ऑब्जेक्ट काढून मॅप घातला. मॅपमध्ये की कशीही असो, टाकल्याचा क्रम राहतो, इथवर ठीक. एका दुपारी वीज गेली, परत आली, आणि सकाळपासूनची आवक कोरी. दर नोंदीनंतर प्रोग्राम माहिती जेसन करून ब्राउझरमध्ये साठवत होता, आणि मॅपला सरळ जेसन.स्ट्रिंगिफाय लावलं की हाती येतो फक्त रिकामा महिरपी कंस. एरर नाही, इशारा नाही. मॅपच्या जोड्यांचा आधी ॲरे करावा लागतो, मग जेसन. पहिला प्रश्न कुणाला आला असेल? "तू काही डिलीट केलंस का?" त्या दिवसाची यादी निघाली ती माझ्या खिशातल्या कच्च्या चिठ्ठ्यांवरून. कागदावर नोंद ठेवा, हे मी कुणालाही सांगेन.

आणखी एक. खाते नंबरालाच की करू नका. मॅपमध्ये असलेल्या कीला नवी व्हॅल्यू दिली की तिची जागा जुनीच राहते. सकाळी चार क्रेट टाकून जागा धरायची आणि दुपारी चाळीस आणायचे, हे एकदोघांच्या लगेच लक्षात आलं. अशा बाबतीत आपली माणसं कुठल्याही प्रोग्रामरपेक्षा हुशार. दर खेपेला नवा पावती नंबर द्या, त्यालाच की करा, आणि आल्याची वेळ व्हॅल्यूमध्ये. यादी छापण्याआधी त्या वेळेवर सॉर्ट करा. क्रम महत्त्वाचा असेल तर तो माहितीत लिहिलेला हवा, लूपच्या मर्जीवर सोडू नये. नावाला की करण्याचा तर विचारही नको. आमच्याकडे राऊत आणि सावे किती आहेत ते येऊन मोजा, दुसरा आला की पहिला पुसला जाईल.

भाषा बदलली की नियम बदलतो. पायथनच्या डिक्शनरीत टाकल्याचा क्रम टिकण्याची हमी ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. पीएचपीमध्ये '११' चा आकडा होतो, पण जागा हलत नाही. जावात हॅशमॅप क्रमाची हमी देत नाही, लिंक्डहॅशमॅप देतो. गो भाषेत तर कुणी विसंबू नये म्हणून क्रम मुद्दाम विस्कटतात, आणि मला तेच प्रामाणिक वाटतं. निदान पहिल्याच दिवशी कळतं. रद्द पावत्या लूप चालू असतानाच काढायच्या असतील, तर पायथन मध्येच अडून बसतो. आधी कींची यादी वेगळी करून घ्या आणि तिच्यावरून फिरा. बॅकअप घ्या वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

चाचणी घेताना मात्र राम-श्याम टाकू नका. ज्याचं काम आहे त्याची जुनी वही मागवा आणि त्यातले नंबर, पुढच्या शून्यासकट, उलटसुलट क्रमाने टाका. आणि तुम्ही माझ्या जागी, म्हणजे नुसते ऑपरेटर असाल, तर फोनवर भांडू नका. पडद्याचा फोटो काढा आणि लेखी पाठवा, तेही मालकाला आणि प्रोग्रामरला एकाच वेळी. मी ते आधी केलं असतं तरी माझ्यावर आळ आलाच असता, कारण पगार कमी असलेल्याकडे बोट आधी जातं.

म्हातारबाबांना मी कन्सोलवर सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे शून्य काढलं तर मी पहिला?" हो म्हटलं. प्रोग्रामरने दुरुस्तीचे पैसे दोन्ही वेळा वेगळे लावले, आणि सेठनी ते दिले.