रान लावता येते काय?

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. २०१९ साली तर राज्याने एका मोसमात ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. पण रोपे मोजून रान होते काय? डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. घराच्या कुडाला कारवी, राबाला ऐनाचा टहाळ, पावसाळ्यात रानभाजी, हे सारे आपण रानातूनच घेत आलो.

शेवळ्याचे उदाहरण घेऊ. पहिल्या पावसात रानात शेवळे वर येते. ते नुसते शिजवले तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. एका भाजीला जमिनीतला कंद हवा आणि जवळपास काकडाचे झाडही हवे. साग आपलाच वृक्ष आहे. पण नुसत्या सागाच्या रांगा म्हणजे रान नव्हे. परदेशातून आलेल्या गिरिपुष्पाच्या तर नव्हेच.

मग उजाड रान पुन्हा कसे उभे राहते? पहिली गोष्ट राखण. तोडलेल्या ऐनाची, सागाची, पळसाची मुळे जिवंत असतात. गुरे, वणवा आणि कुऱ्हाड यांपासून काही वर्षे जपले तर खुंटांना फुटलेले धुमारे वाढीला लागतात. दुसरी गोष्ट, घाणेरी व रानमोडी बी धरण्यापूर्वी मुळासकट उपटणे. त्यांच्या दाटीखाली इतर रोपांना ऊन मिळत नाही. तिसरी गोष्ट लागवडीची. जे नाहीसे झाले तेच लावावे आणि बी जवळच्याच रानातले घ्यावे. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. ते ताजेच पेरावे लागते.

हे काम गावाने करावे, असे कायदाही म्हणतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन यांचा हक्क गावाला दिला. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ साली असा हक्क मिळाला. गावकऱ्यांनी रोजगार हमीतून माती-पाणी अडवले आणि उजाड झालेले रान राखले. २०१४ साली त्या गावाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

येथे आपला संबंध येतो. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेला व्यवस्थापनाचा आराखडा लिहावा लागतो. कोणते झाड कोठे होते, त्याचे बी केव्हा पिकते, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. पण त्यांच्यातील अनेकांच्या हाती लेखणी कधी आली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आजी सालीच्या वासावरून झाड ओळखते. मला मात्र पुस्तकातली नावे येतात, झाडे येत नाहीत. ही दोन शिक्षणे एकत्र आली नाहीत, तर आजीच्या पिढीबरोबर तिचे ज्ञानही जाईल.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात खड्डे खणण्याआधी दोन दिवस तरी गावातील वृद्धांबरोबर रानात फिरावे, ते सांगतील ते लिहून घ्यावे आणि ती वही ग्रामसभेच्या हाती द्यावी. कोणती रोपे लावायची, हे त्या वहीतूनच ठरेल.