मृत्युपत्र आणि ट्रस्ट : मागे राहणाऱ्यांची काळजी



नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्तानात जाऊन आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतो. परंतु आपल्या माघारी जे राहणार आहेत त्यांची व्यवस्था लावण्याचा विषय निघाला की आपण तो टाळतो. मृत्युपत्र करणे अशुभ, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. मग महिन्याची मिस्सा होते न होते तोच सातबाऱ्यावरून बोलाचाली सुरू होते आणि एका ताटात जेवलेली भावंडे कोर्टाच्या पायऱ्या चढू लागतात. म्हणून या विषयाचा आज थोडा अभ्यास करू या.

१) मृत्युपत्र नसेल तर काय होते?

महाराष्ट्रातील आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. (गोव्यातील कायदा वेगळा आहे.) पती मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नीला एकतृतीयांश आणि मुलांना मिळून दोनतृतीयांश वाटा मिळतो. मुलगा व मुलगी यांचे वाटे सारखेच. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही. बापाच्या वाट्यासाठी मोशेपुढे उभ्या राहिलेल्या सलाफहादाच्या मुली बायबलच्या गणना ग्रंथात आपल्याला भेटतात. आपल्याकडे मात्र हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घाईघाईने घेतली जाते. तिने हक्क सोडायचा तर तो समजून उमजून सोडावा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मृताला मुले असतील, तर त्याच्या आईवडिलांना या कायद्याने काहीच मिळत नाही. म्हातारी आई मुलाच्या घरात राहत असेल आणि मुलगा आधी गेला, तर त्या घरात तिचा वाटा नसतो. तिची सोय मृत्युपत्रानेच करता येते.

२) नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

'बँकेत नाव लावले आहे, आता काळजी नाही,' असे अनेकजण म्हणतात. नॉमिनीला बँक पैसे देते, पण ते खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी. शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. विम्याचे नियम थोडे निराळे आहेत. ते वेगळे विचारून घ्यावेत.

३) मृत्युपत्र कसे करावे?

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी आणि ती पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. ज्याला काही द्यायचे आहे त्याला, किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला, साक्षीदार करू नये. तसे केल्यास त्याला दिलेले रद्द ठरते. मृत्युपत्राची अंमलबजावणी कोण करील, त्याचेही नाव लिहावे.

आपल्यासाठी एक विशेष नियम आहे : लग्न केल्यावर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर वा विधवेने पुनर्विवाह केल्यास मृत्युपत्र नव्याने करावे. मुले अज्ञान असतील तर वडिलांना मृत्युपत्रात त्यांचा पालक नेमता येतो. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेण्याची सक्ती २००२ सालीच उठली आहे.

४) ट्रस्ट कशासाठी?

काही वेळा नुसते देऊन भागत नाही. मतिमंद मुलाच्या नावे घर केले, तर ते सांभाळणार कोण? अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती एकदम मोठी रक्कम पडली तर? अशा वेळी १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करता येतो. मालमत्ता विश्वस्ताच्या नावे राहते, पण तिचा उपभोग लाभार्थ्याचा असतो. विश्वस्ताला तिच्यातून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही. भाडे कशावर खर्च करायचे, औषधपाणी कोणी पाहायचे, हे सारे लिहून ठेवता येते. असा ट्रस्ट मृत्युपत्रातच निर्माण करता येतो. हयातीत करायचा आणि त्यात जमीन वा घर घालायचे असेल, तर दस्त नोंदवावाच लागतो. विश्वस्त एकच नको; दोघे-तिघे असावेत आणि त्यांतील एखादा वयाने तरुण असावा.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्ता सांभाळणे आणि तिचा उपयोग करणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. सांभाळ एकाकडे असावा, पण गरजवंताला वाटा देण्यास मन तयार असावे, असे ते शिकवतात. विश्वस्ताने हेच ध्यानात ठेवायचे असते.

कुळकायद्याची जमीन, परदेशातील पैसा किंवा आधीच चालू असलेला वाद असेल, तर जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

कुटुंबात चर्चेसाठी :

१. आपल्या घराची, जमिनीची, ठेवींची व कर्जाची यादी एका जागी आहे का? ती कुठे आहे हे घरात कोणाला ठाऊक आहे?

२. आपल्यानंतर सर्वांत असहाय कोण होईल? त्या व्यक्तीसाठी आपण काय लिहून ठेवले आहे?

३. मुलींशी या विषयावर आपण कधी बोललो आहोत का?

जमीन किती ठेवली हे मुले विसरतील, पण आईवडिलांनी आपल्यात भांडण ठेवले की सलोखा, हे विसरणार नाहीत. ही चर्चा याच आठवड्यात, सर्वजण घरी असताना करावी, अशी आमची विनंती आहे.